कौलावरून पडलेला माणूस

आईने अप्पांचा जबडा मोडला तेव्हा उखळातलं भात अजून गरम होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्या गरम भातावाचून कळायचं नाही. आमच्याकडे हळवं भात भाद्रपद सरता सरता हाताला येतं. त्यातलं थोडं आधी झोडून घ्यायचं, रात्रभर भिजत घालायचं, सकाळी खापरात भाजायचं आणि भाजलेलं तसंच धुमसतं उखळात ओतून कांडायचं, की त्याचे पोहे होतात. एकदा कांडायला घेतलं की मुसळ थांबवायचं नाही. भात गार झालं की दाणा चपटा होत नाही, तुटतो, आणि पोह्यांऐवजी कणी पदरात पडते. म्हणून पोहे कांडणाऱ्या बाईला कोणी हाकसुद्धा मारू नये, असं वाडीतल्या म्हाताऱ्या सांगायच्या. अप्पांनी तिला हाक मारली नव्हती. ते मला मारत होते, आणि ती तीन हातांवर पोहे कांडत होती.

अप्पा मिरजोळ्याच्या बाजूला आंब्याचा रस डब्यात भरणाऱ्या एका कारखान्यात मुकादम होते. पाडव्याच्या सुमाराला कारखाना सुरू व्हायचा आणि पाऊस लागला की बंद. तेवढे दिवस अप्पा घरी फक्त झोपायला यायचे. अंगाला रसाचा आंबूस वास, डोळे तांबारलेले, पण हात गप्प. दिवसभर कामाच्या बायकांवर ओरडून त्यांची भूक भागत असावी. पुढचे चार महिने मात्र ते ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून असायचे. शेती आमची तीन खाचरांची, ती आई बघायची. अप्पा पाऊस बघायचे, आणि चार महिने नुसता पाऊस बघून आधीच फिरलेलं डोकं आणखी फिरतं. लोक पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकी मासळी, कुळीथ, जळाऊ लाकडं भरून ठेवतात. आई तेही भरायची आणि वर आंबेहळदीचा एक जाडजूड गड्डा फडताळात ठेवायची. मुक्या मारावर त्याच्यासारखा लेप नाही. झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत असल्या की आम्ही दोघी मोकळ्या मनाने आपापली कामं करायचो. कुरकुर थांबली की आईचा हात जिथे असेल तिथे थांबायचा. अजूनही कुणाच्या घरी झोपाळा असला तर मी त्याच्याकडे पाठ करून बसत नाही.

माझ्या पाठचं एक मूल पोटातच गेलं. का गेलं ते आईने कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही, कारण मी सात वर्षांची होते आणि दारात उभी होते. ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ ही म्हण शाळेत वाक्यात उपयोग करायला आली तेव्हा बाकीच्या मुली पेन्सिल चावत बसल्या होत्या. मी पहिली पाटी दाखवली. बाईंनी माझं वाक्य वाचलं, पुसलं, आणि दुसरं लिही म्हणाल्या. वाडीत सगळ्यांना माहीत होतं. घरोघरी मातीच्या चुली म्हणत सगळे आपापल्या चुलीपुढे बसायचे.

त्या दिवशीचं कारण छत्री होतं. माझी बारावी होऊन वर्ष झालं होतं आणि अप्पांची छत्री मी न विचारता मैत्रिणीला दिली होती. झोपाळा थांबला. अप्पा पट्टा घेऊन आत आले. पहिले दोन मी पाठीवर घेतले, ते घेता यायचे मला. तिसऱ्या वेळेला पट्टा उलटा हातात आला होता आणि बक्कल डाव्या कानावर बसली. आवाज असा झाला की जणू डोक्यातच कुणी नारळ फोडला, आणि त्यानंतर त्या बाजूचं जग बंद झालं, ते आजतागायत. आता माझ्या दोन्ही कानांत यंत्रं असतात. उजव्या कानातलं म्हातारपणाचं, डाव्यातलं नुसतं शोभेचं. माझ्या मुलाने हौसेने आणलं म्हणून घालते. तर मी खाली पडले आणि मुसळाचा आवाज थांबला. मी मान वर केली. आई उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं, काहीच नव्हतं. अप्पांनी पट्ट्याचा हात तिच्यावर उगारला आणि मुसळ पहिल्यांदा त्या हातावर आलं. दुसऱ्यांदा तोंडावर. हाड मोडण्याचा आवाज सुक्या फांदीसारखा होतो म्हणतात. तसं काही नाही. ओल्या कापडात कैरी फोडावी तसा झाला.

अप्पा चुलीशेजारी आडवे पडले, तोंडातून रक्त आणि दोन दात बाहेर आले. आईने मुसळाचं टोक पदराने पुसलं, उखळात हात घालून भात चाचपलं आणि म्हणाली, “अजून हाय गरम.” आणि बसली. उरलेलं भात कांडून होईपर्यंत ती उठली नाही. धप, धप, धप. तो आवाज मला फक्त उजव्या कानाने ऐकू येत होता. अप्पा विव्हळत होते आणि आई पोहे कांडत होती, आणि मला, खरं सांगते, इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. पोहे पाखडून डब्यात भरल्यावर तिने मला उठवलं, कानातलं रक्त पुसलं आणि सांगितलं, “जा गो बाय, तात्यांना टेम्पो काढायला सांग.”

आई टेम्पोतून आली नाही. शेजारचे तात्या टेम्पो चालवत होते, मागे गोणपाटावर अप्पा आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मी. रत्नागिरी येईपर्यंत मी एकच विचार करत होते: विचारलं तर काय सांगायचं? गेल्या वैशाखात अप्पा आणि मी मिळून घराची कौलं परतली होती, म्हणजे उतरवून, साफ करून पुन्हा रचली होती. मी शिडीखाली उभी राहून कौलं देत होते आणि ते वरून शिव्या देत होते. तेच डोळ्यांपुढे आलं. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, “कौलं परतताना पडले.” डॉक्टर तरुण होते. त्यांनी हात उलटसुलट करून पाहिला. “पडणारा माणूस हात टेकतो, मनगट जातं,” ते म्हणाले. “हा मधेच मोडलाय.” पण त्यांनी कागदावर मी सांगितलं तेच लिहिलं.

पोलीस चौकीतले हवालदार संध्याकाळी आले. पिकल्या मिशांचे, गुडघ्यावर हात ठेवून बसणारे, दंडावर तीन फिती. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, माझ्या कानात कोंबलेल्या कापसाकडे पाहिलं आणि विचारलं, “कधी पडले?”

“आज सकाळी.”

“आज सकाळी पाऊस होता.”

“हो.”

“बाय, माझं घर लांज्याचं. आमच्याकडे पावसात कौलावर मांजर पण चढत नाय. शेवाळ असतं. गळायला लागलं तर आतून काठीने कौल सरकवतात. तुमच्याकडे कायतरी वेगळं हाय काय?”

कोकणात जन्म काढलेल्या मुलीने भाद्रपदात माणूस कौलावर चढवला! माझ्या जिभेला तिथल्या तिथे चटका द्यावा असं वाटलं. घाटावरचा कोणी पोलीस असता तर त्याने मुकाट्याने लिहून घेतलं असतं. हवालदार अप्पांवर वाकले. “मुकादम, कौलावरून पडलात काय? नुसती मान हलवा.” अप्पा शुद्धीवर होते. त्यांनी हवालदारांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मान हलवलीच नाही. हो नाही, नाही नाही. हवालदारांनी चष्मा पुन्हा घातला. “तोंड उघडलं की बोलतील. घाई नाय मला,” म्हणाले. “त्यांनी सांगितलं तर तुझ्या आवशीला घेऊन जावं लागेल, एवढं ध्यानात ठेव.” म्हणजे हे आईने केलंय ते त्यांना तेव्हाच कळलं होतं.

जबड्याचे डॉक्टर गुरुवारी मिरजेहून यायचे. त्यांनी ऑपरेशन करून हाड बसवलं आणि वरचे-खालचे दात तारांनी एकमेकांना बांधून टाकले. हाताला प्लास्टर, तोंडाला कुलूप. बोलता येत नाही, लिहिता येत नाही. चार-पाच आठवडे असंच राहणार होतं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला कॉटजवळ बोलावलं आणि तारा कापायची एक छोटी पकड दाखवली. ती बँडेजच्या पट्टीने त्यांनी कॉटच्या दांडीला बांधून ठेवली. “यांना उलटी झाली तर ती बाहेर यायला वाट नाही,” ते म्हणाले. “छातीत जाईल, गुदमरतील. नर्सला हाक मार, पण तिच्यासाठी थांबू नकोस. डोकं एका कुशीवर, आणि या इथल्या चार तारा कापायच्या. एक, दोन, तीन, चार. थांबायचं नाही. कळलं?” मी बोट लावून चारही तारा दाखवल्या. हुशार आहेस, म्हणाले.

पुरुषांच्या त्या वॉर्डात भातकापणीच्या दिवसांतली माणसं होती. विळ्याने नडगी कापून घेतलेली, बांधाच्या भांडणात डोकं फुटलेली. शेजारच्या कॉटवर मांडी रानडुकराने फाडलेला एक म्हातारा होता. ड्रेसिंगची ट्रॉली दाराशी खडखडली की तो आधीच बोंब ठोकायचा, आणि सगळा वॉर्ड हसायचा. फिनेल, ओले कपडे, पू, आणि कुणीतरी घरून आणलेल्या लसणीच्या चटणीचा वास. मी कॉटखाली चटई टाकून राहायचे. अप्पांना काही हवं असलं की ते डाव्या हाताने लोखंडी दांडीवर टकटक करायचे. एक टकटक पाणी, दोन म्हणजे भांडं. आणि मी जरा उशीर केला, किंवा त्यांना तसं वाटलं, की ते डाव्या हाताची तीन बोटं प्लास्टर लावलेल्या दंडावरून आडवी ओढायचे. हवालदाराच्या तीन फिती. तोंड बंद होतं, हात बंद होता, पट्टा घरी खुंटीला होता, तरी माणसाने मारायचं काहीतरी शोधून काढलंच. दिवसातून दहा वेळा त्या तीन फिती. कापड ओलं करून तोंड पुसताना फिती, कूस बदलताना फिती. मी भांडं धुवायला जायचे आणि मोरीत उभी राहून भिंतीवर मूठ आपटायचे. एकदा सालटं निघालं. मावशींनी, म्हणजे वॉर्डातल्या आयाबाईंनी, विचारलं काय झालं. घसरले म्हटलं. खोटं बोलायला आता सवय झाली होती.

आई रोज सकाळी यायची, पण फाटकाच्या आत नाही. फाटकाजवळ बदामाचं झाड होतं, त्याच्याखाली इरलं पांघरून उभी राहायची. तेव्हा इरलं वापरणारी आमच्या वाडीत ती शेवटचीच असेल. पदराखाली अॅल्युमिनियमची किटली. किटलीत तांदळाची पेज, कापडातून गाळून निवळ केलेली, वर चिमूटभर मीठ आणि तुपाचा थेंब. जिने तोंड मोडलं तीच त्या तोंडात जाईल अशी पेज रोज पहाटे उठून शिजवत होती, आणि चार मैल चालत आणत होती. मी तिला एकदा विचारलं, कशाला? ती म्हणाली, “उपाशी कसं ठेवायचं?” तिचा रोजचा प्रश्न एकच. कालची रिकामी किटली घेताना विचारायची, “पेज खाल्लीनीत?” मी म्हणायचे, “खाल्ली.” मग ती जायची. हवालदारांचं मी तिला सांगितलं होतं. तिने फक्त, “हो काय?” म्हटलं आणि रिकामी किटली पदराखाली घेत, “मी गेले तर खाचरं तात्यांना करायला दे. गड्यांना देऊ नको,” एवढंच. ती जायच्या तयारीत होती. ती तुरुंगात जाणार आणि हा माणूस पुढच्या पावसाळ्यात पुन्हा झोपाळ्यावर बसणार, आणि घरात मी एकटी.

एका सकाळी अप्पांनी मला पाच मिनिटांत तीनदा फिती दाखवल्या. मी मावशींच्या शेगडीवर पेज तापवून आणली. चोच असलेल्या कपात ओतली. बोट बुडवून पाहिलं नाही. पाहायला हवं होतं हे मला माहीत होतं. चोच गालाच्या आत सरकवली आणि ओतली. अप्पांचे डोळे बाहेर आले, घशातून ‘ऊं’ असा आवाज आला, टाचा गादीवर आपटल्या. मी कप मागे घेतला नाही, आणखी एक घोट ओतला. मग कप खाली ठेवून पदराने त्यांची हनुवटी पुसली, अगदी हळुवार, कारण म्हातारा बघत होता. “किती करते पोरगी बापाचं,” म्हातारा म्हणाला. चूक म्हणून हे लिहीत नाही. माझ्या अंगात कोणाचं रक्त आहे ते मला त्या दिवशी कळलं, म्हणून लिहिते.

चौथ्या आठवड्यातल्या रविवारी वत्सूआत्या आली. अप्पांची धाकटी बहीण. तिच्या गावाला खाडी आहे, आणि तिसऱ्यांच्या सारासारखं आजारी माणसाला दुसरं औषध नाही यावर तिची देवापेक्षा जास्त श्रद्धा. शिंपल्या उकडून, खोबरं वाटून, कोकम घालून केलेलं ते सार तिने डबाभर आणलं होतं. डॉक्टरांनी फक्त निवळ पेज आणि दूध सांगितलंय, असं मी म्हटलं, तर तिने मला एका हाताने बाजूला केलं. “मेले डॉक्टर. पेजेच्या पाण्यावर पुरुषमाणूस उभा राहतो काय?” तिने पंचातून सार गाळलं आणि भावाला कपामागून कप पाजलं. अप्पाही आसुसल्यासारखे पीत होते. आणि पाजता पाजता ती त्यांच्या कानात, म्हणजे अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं, बोलत होती. “दादा, मला ठाऊक हाय कोणी केलंन ते. कौलं म्हणे! तोंड उघडलं की पयलं ते सांग. तिला बेड्या पडलेल्या बघायच्यात मला. घरात नागीण पाळलीस.” अप्पांनी माझ्याकडे पाहत डाव्या हाताची तीन बोटं दंडावरून ओढली. आत्याला त्याचा अर्थ कळला नाही, पण मला पाहून हसली. तिच्या गाडीची वेळ झाली तशी ती गेली.

दुपार झाली होती. जेवणं होऊन वॉर्ड पेंगत होता. म्हाताऱ्याला एक्स-रे काढायला नेलं होतं. बाहेर व्हरांड्याच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की बोललेलं ऐकू येऊ नये. मी किटली विसळून आले तर अप्पा कॉटवर अर्धे उठून बसलेले, डावा हात पोटावर. चेहरा राखेसारखा. त्यांच्या पोटातून एक उसळी आली, गाल फुगले, आणि बांधलेल्या दातांच्या फटीतून तांबूस पाणी गळायला लागलं. बाकीचं आतच होतं. नाकातून आलं. मग श्वास आत गेला आणि बाहेर येईना.

पकड माझ्या हातात होती. दांडीवरून केव्हा सोडवली ते आठवत नाही, पण होती. मी कॉटशेजारी उभी होते. थांबायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मी थांबले. हाक मारली नाही. अप्पांनी दांडीवर टकटक केली. एक. दोन. मग नुसता हात आपटायला लागले. त्यांच्या मानेच्या शिरा दोरासारख्या वर आल्या, ओठ जांभळे झाले, आणि ते माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होते. आईसारखं माझ्याही चेहऱ्यावर काही नसावं. मी मनात मोजत होते, मुसळाच्या घावांसारखं. एक, धप. दोन, धप. माझ्या कानातलं रक्त मोजत होते, दारातून पाहिलेलं ते पाठचं मूल मोजत होते. अकरा झाले. अकरा म्हणजे काही फार नाही असं वाटेल तुम्हाला. तोंड आणि नाक दाबून धरा आणि मोजून बघा.

बाराव्याला मला हवालदार आठवले. हे माणूस मेलं तर आईने मारलं असं होईल. बेड्या मला नाही, तिला पडतील. माझ्या मनात दया आली म्हणून मी वाकले, असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. नाही आली. मी त्यांचं डोकं खसकन कुशीवर केलं, पकड घातली आणि कापलं. एक, दोन, तीन. चौथ्या तारेला हात घसरला आणि ओठ फाटला. चौथी कापली, जबड्यात बोटं घालून तोंड उघडलं आणि सगळं बाहेर आलं, माझ्या हातावर, साडीवर, जमिनीवर. ओले, खरखरीत श्वास सुरू झाले. मग मी किंचाळले. सिस्टर धावत आल्या, मावशी आल्या. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. पोरीने बापाचा जीव वाचवला, असं संध्याकाळपर्यंत दुसऱ्या वॉर्डांतून लोक बघायला येऊन म्हणत होते. मी कोपऱ्यात बसून नखांतलं सार काढत होते.

सोमवारी हवालदार आले. तोंड उघडल्याचं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. रात्रभर अप्पांनी एकदाही दांडी वाजवली नव्हती. सकाळी मी तोंड पुसायला गेले तर त्यांनी मान आक्रसून घेतली, जशी मी इतकी वर्षं घेत होते तशी. ते पाहून मी दचकले. फाटकाशी आई उभी होती, इरल्यातून पाणी गळत होतं, आणि मी तिला म्हटलं, आज ते बोलतील. ती घरी गेली नाही. झाडाखाली थांबली.

हवालदारांनी स्टूल ओढलं, वही मांडीवर ठेवली. “बोला मुकादम. काय झालं?”

अप्पांचा जबडा सैल लोंबत होता. शब्द चावून, थुंकीत भिजून बाहेर आले. “कौ... कौलावरून.”

“पावसात?”

मी कॉटच्या पायथ्याशी उभी होते. पकड डॉक्टर येईपर्यंत पुन्हा दांडीला बांधून ठेवली होती, माझ्या हाताशी. अप्पांनी हवालदारांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

“गळत होतं,” ते म्हणाले.

हवालदार खूप वेळ लिहीत राहिले, खरं तर तीन शब्दांचं काम. मग वही मिटली आणि माझ्याजवळून जाताना थांबले. “गळत होतं,” ते स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणाले. “कधीचं गळत असेल गो ते.” आणि गेले. ते गेल्यावर अप्पांनी डावा हात किंचित उचलला. मला वाटलं आता फिती. पण त्यांनी फक्त बोलावलं. मी उजवा कान त्यांच्या तोंडाशी नेला.

“तू थांबलीस,” ते म्हणाले.

“हो,” मी म्हटलं.

त्यानंतर अप्पा एकोणीस वर्षं जगले आणि याविषयी आमच्यात दुसरा शब्द झाला नाही. आईला मी हे कधीच सांगितलं नाही. ती गेली तेव्हाही सांगेन सांगेन म्हणत राहून गेलं. तिला वाटायचं की अप्पांना शेवटी तिची दया आली, आणि त्या एका शब्दासाठी तिने त्यांचं म्हातारपण काढलं. कशाला तिच्या तोंडातला घास काढायचा? आता तिघांत मी एकटी उरले आहे, म्हणून लिहिते. त्या दिवशी मी खाली फाटकापाशी गेले तेव्हा तिने किटली घेतली आणि रोजचाच प्रश्न विचारला, “पेज खाल्लीनीत?” मी म्हटलं, “खाल्ली. कौलावरून पडले म्हणाले.” तिने इरलं डोक्यावरून काढलं आणि भर पावसात तशीच उभी राहिली.

गुरुवारी डॉक्टरांनी तारांऐवजी रबर लावले, हाड धरलंय म्हणाले, मऊ खायला चालेल, घरी न्या. तात्यांच्याच टेम्पोतून आम्ही गेलो. आईने उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला. अप्पा आत आले आणि झोपाळ्यावर न बसता स्वयंपाकघरात पाटावर बसले. उखळ तिथेच होतं, मुसळ त्याच्या कोपऱ्यात उभं होतं, धुतलेलं. आईने फडताळातून डबा काढला. त्या सकाळचे पोहे. तिने ते गरम दुधात भिजवले, गूळ घातला, बोटांनी कुस्करून अगदी मऊ केले आणि वाटी अप्पांपुढे ठेवली. कणी नव्हती, एकही दाणा तुटला नव्हता. अप्पांनी वाटीकडे पाहिलं, मुसळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डाव्या हाताने चमचा उचलला आणि सावकाश, एकेक घास गिळत, सगळे खाल्ले. आई समोर बसून बघत होती. वाटी रिकामी झाल्यावर तिने डबा पुढे ओढला आणि विचारलं, “आणखी घालू?”